घरी बांधलेल्या गाडीचे कूलंट कमी होते तेव्हा: शोध कुठून सुरू करावा आणि इंजिन कधी उघडावे

जुन्या गाडीचे इंजिन आणून, चासी (गाडीचा सांगाडा) स्वतः वेल्ड करून बांधलेल्या गाडीत कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, कमी होऊ लागले, की ‘गळते कुठून?’ हा प्रश्न सर्वांत आधी मनात येतो. या लेखात मी त्याच्याही आधीचा प्रश्न घेणार आहे, तो म्हणजे ‘किती कमी होते आणि कधी?’ कारण त्याचे उत्तर हाती नसताना शोध सुरू केला, तर शाबूत असलेले इंजिन उघडण्याची वेळ येते. माझ्यावर ती आली होती.

माझी गाडी म्हणजे नागपुरात घरामागच्या शेडमध्ये बांधलेली दोन आसनांची बग्गी. ओम्नीचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन मागे बसवलेले आहे, रेडिएटर पुढे आहे आणि दोघांना जोडणाऱ्या दोन धातूच्या नळ्या चासीच्या खालून जातात. कारखान्यातून आलेल्या गाडीत गळतीच्या ठरलेल्या जागा असतात आणि अनुभवी मिस्त्रीचा हात आपोआप तिकडे जातो. आपल्या गाडीत मात्र निम्मे जोड आपण स्वतः केलेले असतात, ते कोणत्याही पुस्तिकेत सापडत नाहीत, आणि दोष बहुधा त्या जोडांत किंवा आपण बदललेल्या मांडणीत असतो, इंजिनात नव्हे. म्हणून पुढच्या पायऱ्या बिनखर्चाच्या कामापासून खर्चिक कामाकडे जातात. हा क्रम कृपया मोडू नका.

जवळ काय असावे

- एक वही आणि पेन. हे सर्वांत महत्त्वाचे साधन आहे.
- १० मिलिलिटरच्या खुणा असलेले मोजपात्र, फनेल आणि पसरट घमेले
- टॉर्च, छोटा आरसा, जुनी वर्तमानपत्रे आणि कोरडे सुती फडके
- दोन भक्कम जॅक स्टँड; नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली जाऊ नये
- कूलिंग सिस्टिमचा प्रेशर टेस्टर (विकत घ्यायची गरज नाही, ओळखीच्या गॅरेजमधून एका दिवसासाठी मिळतो)
- १२० अंशांपर्यंत मोजणारा थर्मामीटर
- फीलर गेज (फट मोजायची पाती), सरळ पट्टी आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळणारा पाना), पण ही तीन फक्त हेड उतरवावेच लागले तर, आठव्या पायरीसाठी
- इंजिनाच्या खरेदीची पावती, आणि ते ज्या गाडीतून निघाले तिचे मॉडेल व वर्ष यांची नोंद

शेवटची बाब अनेकांना कागदी वाटते. पण थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला कूलंटचा मार्ग उघडणारी झडप) किती अंशांचा, रेडिएटरची कॅप किती दाबाची, गॅस्केट (जोडातला गळती रोखणारा थर) कोणते, हे सगळे त्या मॉडेलवरूनच ठरते. दुकानात ‘आठशेचं इंजिन आहे’ एवढेच सांगितले तर दुकानदार जे हाताला लागेल ते देतो.

१. आधी सुरक्षितता

गरम इंजिनावरची कॅप कधीही उघडू नका. आतले द्रव दाबाखाली असते आणि शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळलेले नसते. कॅप सैल होताच दाब उतरतो, ते क्षणात उकळते आणि हातातोंडावर येते. वरचा होज पाइप उघड्या हाताने आरामात धरता आला, तरच फडके टाकून कॅप हळू फिरवावी. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून त्याच्याजवळ हात घालण्यापूर्वी बॅटरीची तार काढावी. पत्र्याच्या बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करू नये, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही.

कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि चवीला गोड लागते. उन्हाळ्यात आपल्याकडे गल्लीतली कुत्री-मांजरे सावलीच्या शोधात शेडमध्ये येतात आणि घमेल्यात जे असेल ते पितात. काढलेले कूलंट झाकण असलेल्या कॅनमध्ये भरावे, त्यावर ठळक नाव लिहावे, आणि पिण्याच्या पाण्याची जुनी बाटली त्यासाठी कधीही वापरू नये.

आणखी एक गोष्ट. तपासणीसाठी गाडी पळवावी लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनाच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२६ नुसार नव्या बनावटीच्या वाहनाचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. तुमच्या गाडीची नोंदणी झालेली नसेल तर तिच्या सर्व चाचण्या खासगी आवारातच कराव्यात. रात्री रिंग रोड मोकळा असतो म्हणून तिकडे जाण्याचा मोह टाळावा.

२. सात दिवस फक्त मोजा

पहिला आठवडा रेडिएटरच्या कॅपशिवाय काहीही उघडू नका. रोज सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना, गाडी एकाच जागी सपाट उभी करून, बाटलीतली (तापून फुगलेले कूलंट रेडिएटरमधून जिच्यात जाते ती बाटली) पातळी आणि रेडिएटरच्या तोंडाशी असलेली पातळी या दोन्ही वेगवेगळ्या पाहा. वहीत तारीख, गाडी किती वेळ चालली, तापमापकाचा काटा कुठवर गेला, दुपारी चालवली की सकाळी, आणि किती मिलिलिटर भरले, एवढे लिहा. ‘थोडेसे टाकले’ असे लिहिलेली नोंद निरुपयोगी आहे.

नुकत्याच भरलेल्या गाडीत पहिल्या तीन-चार वेळा इंजिन तापून थंड झाल्यावर पातळी उतरतेच, कारण आत अडकलेली हवा बाहेर पडते आणि तिची जागा द्रव घेते. ही घट दर वेळी कमी होत जाऊन थांबते. तिला गळती समजू नये.

सात दिवसांनंतर आकडे वाचा. गाडी जास्त चालली त्या दिवशी जास्त घट आणि कमी चालली त्या दिवशी कमी घट असेल, तर ती चालताना, दाबाखाली होणारी खरी गळती आहे. गाडी दोन दिवस उभी असूनही पातळी उतरली, तर थंड असताना सैल पडणारा जोड शोधावा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा रबर आणि धातू वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि उन्हाळाभर कोरडा राहिलेला क्लॅम्प टपकू लागतो. रेडिएटरची पातळी उतरते पण बाटलीतली वाढते, असे असेल तर दोष कॅपचा किंवा बाटलीकडे जाणाऱ्या बारीक नळीचा आहे आणि तुम्ही थेट पाचव्या पायरीवर जाऊ शकता. आणि गाडी दहा मिनिटे चालो की एक तास, घट दर वेळी जवळजवळ सारखीच भरत असेल, तर पुढची पायरी नीट वाचा, कारण माझ्या बाबतीत नेमके तेच होते.

३. तुमच्या गाडीत एकूण कूलंट किती, आणि बाटली त्याला पुरते का?

ही पायरी कारखान्याच्या गाडीला लागत नाही आणि म्हणून कोणी सांगत नाही.

माझ्या गाडीतून रोज ६० ते ७० मिलिलिटर कूलंट नाहीसे होत होते. जमिनीवर थेंब नव्हता, होज कोरडे होते, तेलात पाणी नव्हते. मी एका गॅरेजमध्ये विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “भाऊ, पॅकिंग गेलं तुमचं, हेड उतरवावं लागन.” पॅकिंग म्हणजे हेड गॅस्केट, इंजिनाचा ब्लॉक आणि त्याच्या वरचे हेड यांच्यामधला थर. मला ते पटले, कारण बाहेर काही दिसत नसेल तर ते आतच जात असणार, असा माझाही तर्क होता. हेड उतरवले. गॅस्केट पूर्ण शाबूत निघाले. नवे गॅस्केट घालून, हेड पुन्हा बसवून, दोन रविवार खर्च करून गाडी सुरू केली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा ६५ मिलिलिटर कमी.

त्यानंतर मी गणित केले, जे आधी करायला हवे होते. माझ्या नळ्यांचा आतला व्यास ३० मिलिमीटर आहे आणि प्रत्येकीची लांबी २ मीटर. अशा एका नळीत सुमारे १.४ लिटर द्रव मावते, म्हणजे दोन नळ्यांत २.८ लिटर. इंजिन आणि रेडिएटर यांचे धरून माझ्या गाडीत एकूण साडेसहा लिटर कूलंट भरले. कूलंट आणि पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण ३० अंशांवरून ९५ अंशांपर्यंत तापते तेव्हा सुमारे ४ टक्क्यांनी फुगते. साडेसहा लिटरचे ४ टक्के म्हणजे २६० मिलिलिटर. मी लावलेली बाटली ओम्नीची नव्हती, जागेत बसते म्हणून घेतलेली लहान बाटली होती आणि तिच्या खुणेच्या वर जेमतेम २०० मिलिलिटरची जागा होती. उरलेले ६० मिलिलिटर दर वेळी बाटलीच्या वरच्या छिद्रातून बाहेर पडत होते, आणि त्या छिद्राची नळी मी नीटनेटकेपणासाठी चासीच्या पोकळ पाइपात सोडली होती. तिथे ते सांडून वाळत होते.

खरे तर ही घट एकदाच होऊन थांबायला हवी होती, कारण एकदा ६० मिलिलिटर कमी झाले की पुढच्या वेळी तेवढी जागा बाटलीत मोकळी असते. पण मी रोज सकाळी निष्ठेने खुणेपर्यंत भरत होतो आणि भरलेले तेवढेच रोज बाहेर पडत होते.

तेव्हा तुमच्या गाडीतले सगळे कूलंट एकदा घमेल्यात काढून मोजा. नळ्यांचे गणित करून ताळा जमतो का ते पाहा. एकूण मापाचे ४ टक्के काढा आणि तेवढी जागा बाटलीत थंड पातळीच्या वर आहे याची खात्री करा. माझ्या मते त्याच्या दीडपट जागा असावी. आणि बाटलीची सांडणारी नळी कधीही चासीच्या पोकळीत सोडू नका. तिच्या टोकाशी एक पारदर्शक छोटी बाटली बांधा, म्हणजे जे सांडेल ते दिसेल आणि मोजता येईल.

४. बाहेरचे जोड

इंजिन, नळ्या आणि रेडिएटर धुऊन पूर्ण वाळवा. मळलेल्या इंजिनावर गळती दिसत नाही. त्यानंतर प्रत्येक जोडाभोवती वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळून दोऱ्याने बांधा, सायलेन्सरजवळचे आणि पट्ट्याजवळचे जोड सोडून. गाडी जागेवर तापवा, थंड होऊ द्या आणि पट्ट्या एकेक करून उलगडा. ओली किंवा रंगाचा डाग पडलेली पट्टी तुम्हाला नेमकी जागा सांगते, तर जमिनीवरचा थेंब वाऱ्याने आणि चासीवरून ओघळत कुठूनही कुठे पोहोचलेला असतो.

स्वतः केलेल्या नळ्यांत दोन दोष वारंवार आढळतात. पहिला म्हणजे नळीच्या टोकाला उभारलेली कड नसणे. कारखान्याच्या प्रत्येक नळीच्या तोंडाशी एक गोल उंचवटा असतो, त्याच्या मागे क्लॅम्प बसतो आणि दाब आला तरी होज निसटत नाही. आपण दुकानातून सरळ पाइप कापून आणतो आणि गुळगुळीत टोकावर होज चढवतो. क्लॅम्प कितीही आवळला तरी तापलेल्या रबराखाली तो हळूहळू सरकतो. नळ्यांची टोके हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेटरकडून बीडिंग करून घ्यावीत, किंवा टोकाभोवती वेल्डिंगची एक सलग बारीक रेघ ओढून ती घासून गोल करावी. दुसरा दोष वेल्डिंगमधल्या सूक्ष्म छिद्रांचा. नळी गाडीवर चढवण्याआधी एक टोक बंद करून, आत हवा भरून ती पाण्याच्या टाकीत बुडवून पाहिली असती तर बुडबुडे तेव्हाच दिसले असते. पंक्चरवाला ट्यूब जशी पाहतो तशीच ही पद्धत आहे.

स्क्रूचा क्लॅम्प नवा लावल्यावर पहिल्या दोन-तीन वेळा तापून थंड झाल्यानंतर पुन्हा आवळावा लागतो, कारण रबर दबते. पण जोर लावून आवळू नये, पट्टीच्या कडा रबर कापतात.

हीटर काढून टाकला असेल तर त्याची दोन तोंडे रबरी टोप्यांनी बंद केलेली असतात. या टोप्या आपल्याकडच्या उन्हात एका हंगामात तडकतात. तोंडे टोप्यांनी बुजवण्याऐवजी एकाच वळणदार होजने एकमेकांना जोडणे अधिक टिकाऊ.

इंजिनाच्या बाजूने पाहायच्या जागा अशा: वॉटर पंपाखालचे लहान छिद्र (तिथून थेंब येत असेल तर पंपाचे सील गेले आहे, छिद्र बुजवू नये), थर्मोस्टॅटच्या झाकणाचे गॅस्केट, तापमापकाच्या सेन्सरचे आटे, आणि ब्लॉकच्या बाजूचे व मागचे पत्र्याचे गोल डाट. मागच्या डाटांकडे इंजिन बसवल्यावर हात पोहोचत नाही, आरसा तिथेच कामी येतो. इंजिन अजून बाहेर असेल तर डाट आताच बदलून टाका.

५. प्रेशर टेस्ट आणि कॅप

टेस्टर थंड इंजिनावर, काठोकाठ भरलेल्या रेडिएटरवर लावावा. कॅपवर ०.९ लिहिले असेल तर ०.९ बारच, म्हणजे सुमारे १३ पीएसआय; त्याच्या वर जाऊ नये. काटा २० मिनिटे स्थिर राहिला तर बाहेर मोठी गळती नाही. काटा उतरत असेल आणि बाहेर काहीच ओले दिसत नसेल, तर स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये कूलंट आले आहे का ते टॉर्चने पाहा. घरात हवेचा कॉम्प्रेसर असला तरी तो या कामासाठी वापरू नका. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी एका झटक्यात फाटते.

आता कॅप. नवशिक्यांना ती नुसते झाकण वाटते, पण तिच्यात दोन झडपा असतात. मोठी झडप ठरलेल्या दाबाला उघडते आणि फुगलेले द्रव बाटलीत सोडते. मधली छोटी झडप इंजिन थंड होताना उघडते आणि तेच द्रव परत आत येऊ देते. ०.९ बारच्या कॅपमुळे साध्या पाण्याचा उत्कलनबिंदूही सुमारे ११८ अंशांपर्यंत चढतो. कॅपचे रबर कडक झाले की हा सगळा लाभ जातो आणि गाडी चढावर किंवा सिग्नलवर उकळून सांडते.

थंड झाल्यावर वरचा होज चपटा होऊन आत ओढला गेलेला दिसला, तर छोटी झडप अडकली आहे किंवा बाटलीची नळी दुमडली आहे. बाटलीतले द्रव परत येत नसेल, तर नळीचे टोक तळापर्यंत बुडालेले आहे का ते पाहा. नळी झाकणाशीच कापलेली असेल, किंवा तिला मध्येच केसाएवढी चीर असेल, तर थंड होताना रेडिएटर कूलंटऐवजी हवा ओढतो. या चिरेतून बाहेर काहीच टपकत नाही, त्यामुळे ती महिनोन्‌महिने लपून राहते.

कॅप बदलताना दाबाचा आकडा आणि ती जिथे बसते त्या रेडिएटरच्या मानेची खोली दोन्ही जुळायला हवेत. खोली कमी-जास्त असेल तर स्प्रिंग दबत नाही आणि १.१ बारची नवी कोरी कॅपही दाब धरत नाही. जास्त दाबाची कॅप लावून गळती थांबवू पाहणे तर उलटेच आहे. त्याने कमजोर जोड लवकर फुटतो.

६. अडकलेली हवा

इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे अशा मांडणीत हा त्रास हमखास होतो. रेडिएटरची कॅप इंजिनाच्या हेडपेक्षा खाली असेल तर तिथून कितीही भरले तरी हवा हेडपाशी साचून राहते. ती तापली की पाण्याहून कितीतरी अधिक फुगते, कूलंट बाहेर ढकलते, आणि आपण म्हणतो की गळती आहे.

कायमचा उपाय म्हणजे सर्वांत उंच जागी एक वेगळी दाबाची टाकी बसवणे. भरण्याची कॅप तिच्यावर असावी. थर्मोस्टॅटच्या घरापासून आणि रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यापासून ६ ते ८ मिलिमीटरची एकेक बारीक नळी टाकीच्या वरच्या भागात यावी, आणि तिचा चढ कुठेही मोडू नये. टाकीच्या तळापासून सुमारे १८ ते २० मिलिमीटरचा होज वॉटर पंपाच्या ओढण्याच्या बाजूला जोडावा. असे केल्यावर रेडिएटरची जुनी दाबाची कॅप काढून तिथे साधे बंद झाकण लावायचे. दोन ठिकाणी दाबाच्या कॅप ठेवल्या तर ज्या कॅपची झडप आधी उघडते तिथून कूलंट जाते, आणि कोणती आधी उघडली ते कळत नाही.

टाकी बसवेपर्यंत गाडीचे भरण्याचे तोंड सर्वांत उंच येईल अशी ती उतारावर किंवा स्टँडवर उभी करावी, हीटर असेल तर त्याचा कॉक उघडा ठेवावा, सावकाश भरावे, होज हाताने दाबत राहावे आणि बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत इंजिन मंद चालू द्यावे. या कामाला अर्धा-पाऊण तास लागतो. घाई केली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करावे लागते.

७. गळत नाही, उकळते: नागपूरचा मे महिना

हवेचे तापमान ३० अंश असताना ९५ अंशांच्या कूलंटमध्ये आणि हवेत ६५ अंशांचा फरक असतो. पारा ४५ वर गेला की तो फरक ५० अंशांवर येतो. रेडिएटर किती उष्णता टाकतो हे या फरकावर अवलंबून असल्याने त्याची क्षमता जवळपास २३ टक्क्यांनी घटते. जानेवारीत उत्तम चाललेली गाडी मेच्या दुपारी दोन वाजता कूलंट सांडू लागली, तर आधी हवेचा मार्ग तपासा.

विजेचा पंखा उलट्या तारांनी जोडला गेला तर तो उलटा फिरतो आणि चालत्या गाडीच्या वाऱ्याविरुद्ध हवा ढकलतो. कागदाचा तुकडा रेडिएटरच्या जाळीपुढे धरून पाहा. ओढणारा पंखा असेल तर कागद जाळीला चिकटला पाहिजे. पंख्याभोवती पत्र्याचे आवरण नसेल तर तो फक्त स्वतःच्या गोलाएवढ्याच भागातून हवा ओढतो. रेडिएटरच्या कडांशी फटी असतील तर हवा आतून न जाता बाजूने निघून जाते. त्या रबराच्या पट्ट्यांनी बंद कराव्यात.

थर्मोस्टॅटबद्दल एक सल्ला तुम्हाला हटकून मिळेल: ‘आपल्याकडे एवढी गरमी आहे, तो काढूनच टाका.’ तो काढू नका. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो आणि इंजिन योग्य तापमानावर ठेवतो. काढल्यावर थंडीत इंजिन तापतच नाही, पेट्रोल जास्त जाते आणि तेलातली वाफ तेलातच राहते. शंका असेल तर तो भांड्यात पाण्यात टांगून, थर्मामीटर ठेवून तापवून पाहा. उघडला नाही तर बदला.

पाण्याबद्दल नागपूरकरांना वेगळे पटवावे लागू नये. कूलरच्या टाकीत आणि जाळीवर हंगामाच्या शेवटी जो पांढरा थर चढतो, तोच बोअरवेलचे पाणी घातलेल्या रेडिएटरच्या नळ्यांत आतून चढतो, आणि तिथे तो खरवडता येत नाही. कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच मिसळावे. ते बॅटरीच्या दुकानात मिळते, पण तिथेच तशाच कॅनमध्ये अॅसिडही विकायला असते, म्हणून लेबल वाचून घ्यावे. आपल्याकडे पाणी गोठत नाही तर कूलंट कशाला, असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगेन की गंज रोखणे, पंपाच्या सीलचे रक्षण आणि उत्कलनबिंदू वाढवणे ही तिन्ही कामे आपल्याला हवीच आहेत.

८. हेड गॅस्केट: शेवटची शंका

इथवर काहीच सापडले नाही, तरच आत पाहावे, आणि तेही हेड न उतरवता. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात, म्हणजे कूलंट तापण्याआधीच, होज दगडासारखे कडक झाले, भरण्याच्या तोंडाशी न थांबणारे बुडबुडे येत राहिले, सायलेन्सरमधून इंजिन पूर्ण तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, किंवा एक स्पार्क प्लग इतरांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ निघाला, तर शंका रास्त आहे. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला म्हणून मात्र लगेच घाबरू नका. पावसाळ्यात थोडे-थोडे अंतर चालवलेल्या गाडीत तो नुसत्या दमटपणानेही येतो. डिपस्टिकवरचे (तेलाची पातळी पाहायच्या पट्टीवरचे) तेलच दुधाळ असेल तर गाडी चालवणे तत्काळ थांबवावे.

खात्री करून घेण्यासाठी रंग बदलणाऱ्या द्रवाची चाचणी आहे: रेडिएटरच्या तोंडावरची वाफ निळ्या द्रवातून ओढली जाते, आणि तिच्यात जळालेला वायू असेल तर पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत द्रव पिवळे होते. शेजारच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (आतला दाब) एकत्रच कमी भरले तर गॅस्केट त्या दोघांमध्ये फुटले आहे. माझ्या हेडच्या वेळी यांपैकी एकही चाचणी झाली नव्हती. तुम्ही किमान दोन केल्याशिवाय हेडचा बोल्ट सैल करू देऊ नका.

हेड उतरवावेच लागले तर सरळ पट्टी आणि फीलर गेजने ते सहा दिशांनी तपासावे. ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट असल्यास फेसिंग (घासून सपाट) करून घ्यावे. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आणि त्या इंजिनाच्या पुस्तिकेतल्या टॉर्कनेच आवळावेत.

९. हळद, पावडर आणि तात्पुरते उपाय

रस्त्यावर अडकलेल्या ट्रकच्या रेडिएटरमध्ये हळद टाकून वेळ मारून नेतात, हे आपण सर्वांनी ऐकले आहे, आणि त्याने बारीक गळती काही काळ थांबतेही. दुकानातली गळती थांबवणारी पावडर त्याच जातीची. आपल्या गाडीत मात्र ६ मिलिमीटरच्या हवा काढणाऱ्या नळ्या आहेत; गळतीच्या छिद्राआधी त्याच बुजतात आणि मग सहाव्या पायरीतला सगळा त्रास नव्याने सुरू होतो. घरी पोहोचायचे असेल तर इंजिन थंड झाल्यावर कॅप एका टप्प्यावर सैल ठेवून दाब कमी करावा, डिस्टिल्ड पाणी भरत सावकाश यावे आणि तापमापकावरून नजर हटवू नये.

१०. दुरुस्तीनंतर

दोष सापडून दूर झाला, की जुने कूलंट काढून, स्वच्छ पाण्याने दोनदा खंगाळून, नवे मिश्रण मोजून भरावे आणि एकूण माप वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. त्यापुढे इंजिन दहा वेळा तापून थंड होईपर्यंत नोंदी सुरू ठेवाव्यात. पहिल्या तीन नोंदींत थोडी घट दिसेल, ती हवेची. चौथ्यापासून पुढे पातळी कशीही असली तरी खुणेपर्यंत भरू नका, नुसती लिहा. सलग सात नोंदी एकाच आकड्यावर आल्या, की त्या पातळीवर बाटलीवर पक्क्या शाईने स्वतःची खूण करा. तुमच्या गाडीची थंड पातळी ती आहे, बाटलीच्या कारखान्याने छापलेली नव्हे.